लातूरहून दोन मुक्कामांचा ट्रेक: सॅक किती लिटरची घ्यावी, बाकी सामान काय?

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटी मी आणि धाकटा भाऊ छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या सोयगाव भागात जायचं म्हणतोय. वेताळवाडी, जंजाळा, घटोत्कच लेणी, जमलं तर रुद्रेश्वर. दोन मुक्काम, सगळं सामान पाठीवर. पुढच्या वर्षी हरिश्चंद्रगड आणि नंतर उत्तराखंडातला एखादा बर्फाचा ट्रेक डोक्यात आहे, त्यामुळे आत्ता घेतलेलं पुढे वाया जायला नको.

आमच्याकडे कॉलेजच्या बॅगा सोडल्या तर काहीच नाही. माझी उंची ५ फूट ३ इंच, वजन ५८ किलो. भाऊ ५ फूट १० इंच, ७४ किलो. दोघांचं मिळून बजेट २० हजार, बूट वेगळे. दुकानात गेलं की कुणी ७० लिटरची दाखवतं, कुणी ४० ची. तंबू घ्यावा की भाड्याने आणावा? स्लीपिंग बॅगेऐवजी घरची वाकळ चालेल का? ऑनलाइन याद्या खूप वाचल्या, पण त्या बहुतेक पुण्या-मुंबईच्या पावसाळी ट्रेकच्या आहेत. आपल्याकडच्या रानाचा हिशोब कुणी सांगेल का?

कातळवाट:
ताई, लिटर आधी ठरवू नका. सॅक ही सगळ्यांत शेवटी घ्यायची वस्तू आहे. स्लीपिंग बॅग, मॅट, तंबू, भांडं, कपडे, शिधा असं जे न्यायचं ते घरात एका जागी काढा आणि नेहमी भरता तसं दाबून एका खोक्यात भरा. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा आणि १००० ने भागा. ४० × ३५ × ३५ भरलं तर ४९ लिटर. त्यात पाण्याचे पाच-सहा लिटर मिळवा. तुमच्या बेताला तुम्हाला ५० आणि भावाला ५५ ते ६० च्या पुढे जायचं कारण नाही. सॅकमध्ये जागा दिसली की माणूस ती भरतोच. आणि ७० लिटरची अर्धवट भरून नेली तर सामान तळाशी बसतं, वजन पाठीपासून लांब जातं, मग तोल सांभाळायला दिवसभर पुढे झुकून चालावं लागतं.

आता वजन. माणशी हिशोब साधारण असा पडतो: सॅक १.८ किलो, तंबूचा अर्धा वाटा १.४, स्लीपिंग बॅग १.२, फोमची मॅट ०.४, स्टोव्ह-भांडं-गॅसचा वाटा ०.५, शिधा १.३, कपडे १.५, टॉर्च, औषधं, पॉवर बँक वगैरे किरकोळ ०.९, आणि पाणी ४ लिटर म्हणजे ४ किलो. बेरीज १३. यात एकट्या पाण्याचा वाटा जवळजवळ तिसरा हिस्सा आहे. सह्याद्रीच्या याद्या दोन लिटर पाणी धरून केलेल्या असतात, आपल्याकडे त्या तिथेच चुकतात.

मुक्कामाच्या ट्रेकला आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझं नेता येतं. तुमचे ११.६ होतात, भावाचे १४.८. तंबू अख्खा भावाच्या पाठीवर टाकला की तुमच्याकडे ११.६ आणि त्याच्याकडे १४.४ राहतात, दोघंही हद्दीत. भावाला मात्र हे निघायच्या आधी सांगा.

सॅक निवडताना माणसाची उंची बघायची नसते, पाठीची लांबी बघायची असते. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड ठळक वर येतं. तिथे टेपचं टोक धरायला कुणाला तरी सांगा. दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की बोटं पुढे, अंगठे मागे, आणि तळहात कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकलेले. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ मणक्याला जिथे छेदते, तिथपर्यंत टेप आणा. ही तुमची पाठ. ती ४०-४२ सेंटिमीटर भरली तर लहान मापाची किंवा बायकांसाठी बनवलेली सॅक घ्या. त्यात खांद्याचे पट्टे जवळ असतात आणि कमरपट्ट्याचा कोन वेगळा असतो. ज्या सॅकची पाठ वेल्क्रोवर किंवा पट्टीवर खालीवर सरकते ती दोघांना आलटून पालटून वापरता येते, वजन मात्र थोडं जास्त असतं.

दुकानात रिकामी सॅक पाठीवर घेऊन काही कळत नाही. पाच-पाच किलोच्या दोन ज्वारीच्या पिशव्या घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू दे. पिशव्या आत पाठीला चिकटवून उभ्या ठेवा, सगळे पट्टे सैल सोडा, मग या क्रमाने आवळा. आधी कमरपट्टा. त्याच्या गादीचा मध्य कमरेच्या हाडाच्या कडेवर आला पाहिजे, पोटावर नाही आणि कुल्ल्यांवरही नाही. नंतर खांद्याचे पट्टे, पण फक्त खांद्याला लागेपर्यंत, वजन उचलण्यासाठी नाही. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, ते साधारण ४५ अंशांत तिरके दिसायला हवेत. छातीचा पट्टा शेवटी, गळपट्टीच्या हाडाखाली चार बोटं, श्वास कोंडणार नाही इतकाच. आता पट्ट्याखाली खांद्यावर बोट घालून बघा. सहज सरकलं तर बरं. सत्तर ते ऐंशी टक्के वजन कमरेवर यायला हवं. कमरपट्टा बांधूनही खांदे दाबत असतील तर माप चुकलंय, पट्टे ओढून ते सुधारत नाही. वीस मिनिटं दुकानात फिरा, एक जिना चढा-उतरा.

कमरपट्टा म्हणून नुसती नवार शिवलेली सॅक ४० लिटरच्या वर घेऊच नका. आतून गादी आणि थोडा कडकपणा नसेल तर ती पोट कापते, कमरेवर काहीच येत नाही.

उघडा_माळ:
कातळवाट यांनी सॅकचं सगळं सांगितलंच आहे, मी जमिनीचं बोलतो.

पहिली गोष्ट मुक्कामाची. वेताळवाडी आणि जंजाळा हे संरक्षित किल्ले आहेत, आजूबाजूला वनखात्याची हद्द. गडावर तंबू ठोकायचा बेत मनात धरून सामान घेऊ नका. हळदा, वेताळवाडी, जंजाळा अशा पायथ्याच्या गावांत देवळाजवळ किंवा कुणाच्या रिकाम्या रानात विचारून मुक्काम टाका आणि वनखात्याच्या कार्यालयात आधी चौकशी करा. पुढे कधी अंतूर किल्ल्याकडे वळलात तर तो भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा आहे, तिथे परवानगीशिवाय मुक्काम नाहीच. देवगिरी तर संध्याकाळी बंदच होतो.

दुसरं, आपल्याकडची जमीन दोनच तऱ्हेची. एक तर मुरूम आणि खाली काळा पाषाण, नाहीतर काळी माती. तंबूबरोबर येणारे बारीक तारेचे खुंटे पाषाणात दोन इंचांवर वाकतात, आणि काळ्या मातीला डिसेंबरात भेगा पडलेल्या असतात, खुंटा भेगेत गेला की हलक्या झटक्याला बाहेर. त्यामुळे स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा घुमटाचा तंबू घ्या. खुंट्यांच्या ताणावरच उभे राहणारे हलके तंबू इथे मनस्ताप देतात. खुंटा शिरत नसेल तर दोरीच्या टोकाला नारळाएवढा दगड बांधा, तो जमिनीवर ठेवा आणि त्याच्या पुढ्यात, तंबूच्या बाजूला, दोरीवर एक मोठा धोंडा टेकवा. दोरी ओढली की लहान दगड मोठ्याला अडतो. नुसती दोरी धोंड्याला गुंडाळली तर वाऱ्यात घासून रात्रीतून तुटते.

तंबूचं कापड दोन थरांचं असावं, आत जाळी आणि बाहेर पावसाचं आवरण. एका थराच्या स्वस्त तंबूत थंडीच्या रात्री श्वासाची वाफ आतून साचते, पहाटे टपटप गळते, आणि लोक म्हणतात तंबू गळका निघाला. थंडी वाजते म्हणून झडपा बंद करू नका, वरची हवा खेळती ठेवा. दांड्या शक्यतो ॲल्युमिनियमच्या. फायबरच्या दांड्या उभ्या चिरतात आणि त्यांचे कुसळासारखे तंतू हातात घुसतात. दोन्हीत लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची दहा-बारा सेंटिमीटरची जोडनळी जवळ ठेवा, दांडी मोडली की तिथे सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी.

तिसरं, काटा! बाभूळ आणि बोरीचा वाळलेला काटा गवतात दिसत नाही आणि बुटाच्या तळव्यातून सुद्धा आत येतो. हवा भरायची गादी इथे नेऊ नका. घडी पडणारी फोमची मॅट घ्या, काटा घुसला तरी तिला काही होत नाही. तंबू टाकायच्या आधी जागा चपलेने नाही, हाताने चाचपून साफ करा. खाली ताडपत्री हवीच. मोंढ्यात मीटरवर मिळते ती पातळ निळी-पिवळी पुरते. तंबूचा तळ २१० बाय १४० असेल तर ताडपत्री २०० बाय १३० कापा. लोक मोठी ठेवतात आणि बाहेर आलेल्या कडेवर दव किंवा पाऊस पडला की पाणी थेट तंबूखाली. १२० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम भरणाऱ्या कापडात हा तुकडा साधारण ३०० ग्रॅम भरतो.

उघड्यावर नुसती ताडपत्री टाकून झोपायची हौस असेल तर ती गच्चीवर भागवा. मण्यार रात्री फिरतो, झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येतो आणि त्याचा दंश फारसा दुखतही नाही. थंडीत साप कमी दिसतात, नसतात असं नाही. चेन पूर्ण लागणारा तळवाला तंबू त्यासाठीच. चावलंच तर चिरा देणे, करकचून बांधणे यात वेळ घालवू नका, हात-पाय स्थिर ठेवून १०८ बोलवा आणि दवाखाना गाठा.

पहिल्या वेळी तंबू भाड्यानेच आणा. २० हजारांतले निम्मे दोन सॅकवर जाऊ द्या, ते पैसे सत्कारणी लागतात.

गोदेकाठी:
मॅटबद्दल थोडं वेगळं मत. कुशीवर झोपणाऱ्याला एक-दीड सेंटिमीटरचा फोम मुरमावर टोचतो, खांदा आणि कंबर धरते. हवेची गादी तंबूच्या आत, ताडपत्रीच्या वर, आणि तिच्याखाली पातळ फोम अशी वापरली तर टिकते. सोबत डिंक आणि पॅच ठेवायचा. भोक सापडत नसेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा येतो तिथे भोक. उतारवयातल्या लोकांना फोमच वापरा म्हणणं जुलमाचं आहे.

बर्फाच्या ट्रेकला मात्र मॅटचा आर आकडा, म्हणजे ती खालची थंडी किती अडवते तो आकडा, बघावा लागतो. साध्या फोमचा दीड-दोन असतो, तो बर्फावर एकटा पुरत नाही. चारच्या आसपास हवा. हे आकडे एकमेकांत मिळवता येतात, म्हणून आत्ता घेतलेला फोम पुढे हवेच्या गादीखाली कामाला येतोच. वाया काही जात नाही.

उघडा_माळ:
दोन मॅट वाहायच्या तर चारशे-पाचशे ग्रॅम वाढले. ताईंचा हिशोब आधीच ११.६ वर टेकलाय. पण कंबर धरत असेल तर मान्य, ओझं परवडलं.

मांजराकाठ:
सगळ्यांचे आभार. ज्वारीच्या पिशव्या घेऊन जाते. 😄 स्लीपिंग बॅगेचं आणि वाकळीचं राहिलं. शिवाय गॅस कुठला घ्यावा? आम्ही लातूरहून रेल्वेने जायचं बघतोय. पाणी खरंच माणशी चार लिटर लागेल? गडांवर टाकी आहेत म्हणतात.

टाक्यांचा_शोध:
वाकळ गाडीने जात असाल तर बिनधास्त न्या, तिच्यासारखी ऊब नाही. पाठीवर नाही. घरची दुपदरी वाकळ दोन-अडीच किलोच्या खाली नसते, दबत नाही, आणि दवाने ओली झाली की दिवसभर वाळत नाही.

स्लीपिंग बॅगेवर दोन तापमानं लिहिलेली असतात. मोठ्या अक्षरात असतो तो बऱ्याचदा सोसण्याचा आकडा. तुम्ही आरामाचा, म्हणजे कम्फर्ट म्हणून लिहिलेला आकडा बघा. सोयगावच्या डोंगरात डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात, थंडीची लाट आली तर एक आकडी. परभणीचा पारा दरवर्षी बातम्यांत येतोच. कम्फर्ट ५ ते १० ची कृत्रिम धाग्याची बॅग घ्या, वजन सव्वा किलोच्या आत. लहरीने थंडी वाढलीच तर कानटोपी, मोजे आणि आत जुन्या सुती साडीचा शिवलेला खोळ. खोळीचा दुसरा फायदा म्हणजे घाम आणि धूळ खोळीला लागते, बॅग धुवावी लागत नाही. उणे दहाची बॅग बर्फाच्या ट्रेकसाठी आत्ता घेऊ नका. उत्तराखंडात पायथ्याच्या गावांत ती भाड्याने मिळते आणि इथे तिच्यात झोपलात तर उकडून निघाल.

रेल्वेने जाणार असाल तर गॅसचा विषय संपला. भरलेला डबा रेल्वेत नेता येत नाही, ज्वलनशील सामान आहे. नुसता रिकामा स्टोव्ह न्या आणि डबा उतरल्यावर घ्या. छत्रपती संभाजीनगरात मिळेल तो डबा कुठल्या तोंडाचा आहे हे आधी फोनवर विचारा, कारण तोंडं वेगवेगळी. आट्याचा, म्हणजे स्क्रूसारखा फिरवून बसवायचा बुटका डबा ट्रेकच्या छोट्या स्टोव्हला बसतो. भांड्यांच्या दुकानात मिळणारा स्प्रेसारखा उंच डबा चपट्या पेटीच्या शेगडीला बसतो, तो आट्याच्या स्टोव्हला लावायचा तर मधला ॲडॉप्टर लागतो. पेटीच्या शेगडीत डबा बसवताना त्याच्या कडेची खाच वरच्या बाजूला आली पाहिजे. उलटा बसला तर वायूऐवजी द्रव नळीत येतो आणि ज्वाळा फूटभर उसळते.

२३० ग्रॅमचा एक डबा दोघांना दोन मुक्कामांसाठी पुरून उरतो. नव्या डब्यातून वारा नसताना बारा-चौदा लिटर पाणी उकळतं. वाऱ्यात ते निम्म्यावर येतं, म्हणून आडोसा करा, पण डब्याभोवती चारी बाजूंनी पत्रा लावू नका. डबा तापतो आणि फुटू शकतो. एक-दोन बाजू उघड्या ठेवा आणि अधूनमधून डब्याला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर लगेच बंद. तंबूत स्टोव्ह पेटवणं तर बादच, कापड पेटायची भीती आहेच आणि कोंडलेल्या जागेत विषारी वायू साचतो. चूल मांडायची कल्पनाही सोडा. डिसेंबरात गवत वाळून कोळ झालेलं असतं, आणि राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे.

आता पाणी. टाकी आहेत, पण पाणी असेलच आणि पिण्याजोगं असेलच असं समजून निघायचं नसतं. निघताना माणशी चार लिटर. त्यातले तीन चालताना आणि एक मुक्कामावर पोहोचेपर्यंत राखीव. रात्रीच्या स्वयंपाकाचं गावातून भरा. त्यासाठी चार-पाच लिटरची घडी होणारी रिकामी पिशवी न्या, वजन शंभर ग्रॅमसुद्धा नसतं.

टाक्याचं किंवा ओढ्याचं पाणी घ्यावं लागलं तर आधी चार पदरी सुती फडक्यातून गाळा. पोकळ तंतूचा ०.१ मायक्रॉनचा फिल्टर जंतू आणि अमीबा अडवतो, विषाणू अडवत नाही. त्यामुळे गाळल्यावर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा किंवा खळखळ उकळी येऊन एक मिनिट जाऊ द्या. एक गोष्ट मात्र याद्यांमध्ये कुणी लिहीत नाही. कपाशीच्या रानातून उतरून आलेल्या ओढ्याचं पाणी घेऊच नका. फवारणीचं औषध ना फिल्टरने जातं ना उकळण्याने. हापसा किंवा गावातली टाकी बरी.

ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरलाच. अर्ध्या बाटलीत दाट करून पिण्याने तहान वाढते.

जेवणाला बाजारची तयार पाकिटं लागत नाहीत. पहिल्या दिवशी धपाटे, दुसऱ्या दिवशी दशम्या, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. दशम्या गार झाल्यावरच बांधा, गरम बांधल्या तर वाफ धरून दुसऱ्या दिवशी बुरसतात. प्लास्टिकच्या डब्यापेक्षा सुती फडकं बरं. रात्रीसाठी घरून बेसन कोरडं भाजून त्यात हळद, तिखट, मीठ, जिरं कालवून न्या. माणशी ५० ग्रॅमला २०० मिली पाणी, पाच मिनिटांत पिठलं. खिचडी करायची तर माणशी ७५ ग्रॅम तांदूळ, २५ ग्रॅम मूगडाळ, अर्धा तास भिजवा म्हणजे गॅस निम्मा लागतो.

कुसळ_वैरी:
बुटांचं कुणीच बोललं नाही, म्हणून. बजेट वेगळं ठेवलंय ते बरं केलं.

पावसाळ्यानंतर आपल्या डोंगरात कमरेइतकं गवत वाळलेलं असतं आणि त्याचं कुसळ जाळीच्या बुटातून आणि मोज्यातून आरपार जातं. जाळी मोठी असलेले रनिंगचे बूट नेऊ नका. वरचं कापड दाट विणीचं किंवा चामड्याचं, तळवा जाड आणि चार मिलिमीटर तरी खाचा असलेला. घोट्याच्या वर येणारे हवेतच असं नाही, १३-१४ किलोच्या ओझ्याला चांगल्या तळव्याचे ठेंगणे बूटही चालतात. घोट्याला बाहेरून गुंडाळायचा कापडी गेटर मात्र घ्या. तो नसेल तर जुन्या जीन्सच्या पायाचा वीतभर तुकडा, खाली-वर इलॅस्टिक घालून. लोकरीचे आणि केसाळ मोजे कुसळ धरून ठेवतात, गुळगुळीत नायलॉनचे धरत नाहीत.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, पाय सुजलेले असतात तेव्हा. जाड मोजा घालून पुढे अंगठ्यासमोर एक बोट जागा. वेताळवाडीच्या उतारावर अंगठा पुढे आदळला तर नखं काळी पडतात, म्हणून उतरायच्या आधी घोट्याची लेस आवळून घ्यायची आणि बोटांकडची सैल ठेवायची.

लेण्यांजवळ आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ, धूर आणि मोठ्याने हाका मारणं टाळा. बिनबाह्यांचे कपडे नकोत.

शिलाईमास्तर:
सॅक आणि तंबू दुरुस्तीला येतात त्यावरून काही सांगतो, घेताना उपयोग होईल.

लोक डेनियरचा आकडा बघून घेऊ लालेत. आकडा धाग्याची जाडी सांगतो, मजबुती नाही. ६०० डेनियर पॉलिएस्टर जाड दिसतं, पण चौकडीच्या विणीचं २१० डेनियर नायलॉन फाटण्याला चांगली टक्कर देतं आणि वजन कमी. अंगाला २१०, तळाला ४२० च्या पुढे, असं असेल तर बघायचं काम नाही. सॅक फाटते ती कापडाच्या मध्यात कधीच नाही, पट्टा जिथे अंगाला शिवलाय तिथे. खांद्याचा पट्टा उलटा करून मुळाशी बघा. आडव्या दाट टाक्यांची एक छोटी पट्टी असते, दोन-तीन ठिकाणी मारलेली. नुसती एक सरळ शिवण दिसली तर ती सॅक दुकानातच राहू द्या. शिवणीच्या आतल्या कडेला पट्टी लावलेली असावी, नाहीतर कापडाचे धागे सुटत जातात.

चेन ८ किंवा १० नंबरची, दात जाड, दोन स्लायडरची. चेन उघडी पडली म्हणजे दात गेले असं लोक समजतात. बहुतेक वेळा स्लायडर आतून झिजून सैल झालेला असतो. बारीक पक्कडीने स्लायडरच्या मागच्या दोन्ही कडा अगदी थोड्या दाबल्या की चेन पुन्हा धरते. जोरात दाबलं की स्लायडर तुटला. काळ्या मातीची धूळ दातांत बसते तेव्हा जुन्या टूथब्रशने झाडा आणि मेणबत्ती घासा. तेल लावू नका, धूळ आणखी बसते.

सॅक आणि तंबू पावसाला रोखतात ते आतल्या लेपामुळे. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत माळ्यावर टाकलेली सॅक दोन-तीन वर्षांत आतून चिकट होते, लेप पापुद्र्यासारखा सुटतो आणि वास मारतो. तो लेप उष्णता आणि दमट हवेने मरतो, वापराने नाही. म्हणून पूर्ण वाळवून, सैल घडी करून, खालच्या कपाटात. स्लीपिंग बॅगसुद्धा तिच्या दाबाच्या पिशवीत वर्षभर कोंडू नका, धागे बसतात आणि ऊब जाते. जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा. तंबू आणला तसाच गुंडाळून ठेवला तर आठवड्यात बुरशीचे ठिपके, ते जात नाहीत. दवाने ओला झाला असेल तर सावलीत वाळवा. उन्हात फार दिवस टांगून ठेवला तर कापड कुजतं.

वरचं पावसाचं कव्हर पाठीकडून उघडं असतं, पाणी पाठीवरून आत येतं. त्यापेक्षा सॅकच्या आत जाड पॉलिथिनची मोठी पिशवी घाला, कपडे आणि स्लीपिंग बॅग तिच्यात. तोंड पीळ देऊन आत दुमडायचं.

भरताना तळाला स्लीपिंग बॅग, मधे पाठीला चिकटून पाणी, शिधा आणि भांडं, बाहेरच्या बाजूला कपडे, माथ्यावर टॉर्च, औषधं आणि जर्किन. तंबूच्या दांड्या वेगळ्या काढून आत बाजूला उभ्या. बाहेर लटकवलेली पातेली बाभळीत अडकतात.

निघताना २५ मिमीचं एक आणि ३८ मिमीचं एक सुटं बकल जवळ ठेवा, पण घेताना सॅकच्या कमरपट्ट्याची रुंदी मोजून घ्या, काही सॅकना ५० ची असते. शिवण न उसवता घालता येणारं, मधे खाच असलेलं बकल मिळतं, तेच मागा. त्याबरोबर जाड सुई आणि मोची वापरतात तो मेण लावलेला नायलॉनचा दोरा दोन मीटर. वाटेत पट्टा तुटला तर जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच सुई घाला. नवीन भोकं पाडली तर तिथून कापड पुन्हा फाटतं.

मांजराकाठ:
मास्तर, भावाची कॉलेजची बॅग ३५ लिटरची आहे, तिला गादीचा कमरपट्टा शिवून मिळेल का? एक सॅक वाचेल.

शिलाईमास्तर:
शिवून मिळेल, उपयोग होणार नाही. कमरपट्टा काम करतो तो सॅकच्या पाठीत कडक पट्टी किंवा पत्रा असतो म्हणून. वजन त्या पट्टीवरून कमरेवर उतरतं. कॉलेजच्या बॅगेला पाठच नसते, ती मधेच मोडते आणि पट्टा रिकामाच राहतो. शिवाय ३५ लिटरमध्ये तंबू बसणार कुठे? ती बॅग देवगिरीच्या एका दिवसाला ठेवा. भावाला ५५ चीच घ्या.